वरच्या सुरातली फाट

मुलुंडच्या आमच्या सोसायटीतला हा शेजारी जुन्या काचेच्या वॉल्व्हचे अँप्लिफायर बनवतो. प्रत्येक वाक्याआधी सोल्डरच्या धुरावर फुंकर मारतो. "फू... मोठ्या वॉल्व्हना ढकलता ढकलता आधीचा छोटा ड्रायव्हर वॉल्व्ह दमतो रे, म्हणून आवाज फाटतो."

दर वेळी नवा ड्रायव्हर जोडून तो वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, गाण्याची जुनी कॅसेट लावतो. सोसायटीच्या गणपतीत वहिनी गायल्या होत्या, काय गळा होता! पण वरच्या सुरावर आवाज फाटतोच. ती कॅसेट ऐकून वहिनींनी गाणंच सोडलं. म्हणतात, गळाच फाटका.

परवा मी शेवटी बोललो. "रेकॉर्डिंग माझं होतं. आवाजाची लेव्हल मीच जास्त चढवून ठेवली होती. फाट टेपमध्येच आहे."

त्याने फुंकर मारली नाही. स्वयंपाकघराकडे वळून ओरडला, "अगं, ऐकलंस का?"

आतला भांड्यांचा आवाज आधीच थांबला होता.