दुसरा आवाज

शेजारच्या रूथबाई पोळ्या लाटताना प्रभूच्या नव्या गाण्यांची सीडी लावतात. वेगवेगळ्या गायकांची गाजलेली गाणी एकत्र केली आहेत तीत. गिटार, ड्रम, सगळं. बाई मात्र मूळ चाल गात नाहीत, खालचा दुसरा आवाज धरतात. दोन्ही आवाज खिडकीतून जोडीनं येतात. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "चर्चमध्ये वरचा आवाज आमच्या ह्यांचा असायचा. ते गेले. आता सीडीतला कुणीही चालतो."

माणूस गेल्यावरही त्याची जागा अशी राखलेली! माझा नुसता जळफळाट होतो. आमचे हे तर समोर खुर्चीतच बसलेत. आज पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "खिडकी लाव गं, काय तो गोंगाट!"

मी ताडकन उठून लावली. तेवढं एक आमचं जुळलं.