वैनगंगेकाठचा मुक्काम आणि सुनंदाचा होकार

नाव घेतली तेव्हा ती तिघांची होती: मी, माझा नवरा नरेंद्र आणि त्याचा कॉलेजपासूनचा मित्र विलास. बालाघाटला वैनगंगेत उतरायचं आणि वल्ही मारत पवनीपर्यंत यायचं, हा बेतही विलासचाच. बंधारे कुठे लागतात, नाव कुठून उचलून न्यावी लागेल, दगड कुठे वर येतात, सगळं त्यानेच शोधलं होतं. आम्ही फक्त मान डोलवत होतो. आणि उन्हाळ्यात त्याची बायपास झाली.

त्यामुळे डिसेंबरात नागपूरहून टेम्पोवर नाव बांधून आम्ही दोघंच निघालो. मधल्या बैठकीवर विलासऐवजी तांदूळ आणि स्टोव्ह. निघायच्या आदल्या दिवशी अमरावतीहून सुनंदाचा, म्हणजे विलासच्या बायकोचा फोन आला. "आम्ही गाडीने भेटायला येऊ. एक रात्र राहू. पण यांना नावेत बसवायचं नाही. शब्द दे." मी दिला. देताना फार विचार केला नाही, हे खरं.

नदीबद्दल आधी कामाचं सांगून टाकते. सकाळी नऊपर्यंत धुकं असतं, तोवर निघायची घाई करू नका. बाघ नदी येऊन मिळाली की पात्र एकदम रुंद होतं आणि वारा समोरून असेल तर खांदे भरून येतात. वाळूचे पट्टे दिसतात छान, पण कडेला वाळू खचते, तिथे तंबू ठोकू नका. प्यायचं पाणी गावातल्या हातपंपावरून भरा. खाण्याचे हाल होत नाहीत. काठावरच्या प्रत्येक गावात कुणी ना कुणी "आले कोठून, चालले कोठं" विचारतं आणि उत्तर संपायच्या आत चहा ठेवतं.

तिरोडा तालुक्यात आमचा ठरलेला मुक्काम होता पटलेकाकूंकडे. नरेंद्रच्या ऑफिसातल्या एकाच्या या मामी. पोवारांचं मोठं घर, समोर धानाचे ढीग आणि नदी अगदी मागच्या दारी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण काकू कुणालाच नाही म्हणणार नाहीत आणि सगळा ताप त्यांच्या चुलीला होईल. इथे आम्ही दोन दिवस थांबणार होतो आणि इथेच विलास-सुनंदा येणार होते. म्हणजे पाहुण्यांकडे पाहुणे. काकूंना याची जरा कल्पना द्यावी म्हणून मी फोनवर चाचरत विचारलं, तर त्या म्हणाल्या, "येऊ द्या ना जी. दोघायचा भात जास्त टाकनं काय मोठं काम हाय?"

आता आमचा मूर्खपणा. चार-पाच दिवस नावेत काढले की दोन्ही काठ आपलेच वाटायला लागतात. दुपारी सावली दिसली त्या काठाला लागायचं, संध्याकाळी गाव दिसलं त्या काठाला. काकूंकडे पोचायच्या दिवशी दुपारची खिचडी आम्ही पश्चिमेच्या काठावर शिजवली. तिथे मोबाइलला रेंज होती, म्हणून नरेंद्रने उत्साहाने विलासला लोकेशन पाठवलं आणि लिहिलं, "इथेच समोर आहोत." मग आम्ही नदी ओलांडून काकूंकडे गेलो. चार वाजता विलासचा फोन आला, "आलो रे! कुठे आहेस?" नरेंद्र घाटावर धावला, मागोमाग मी. विलास त्याला दिसला. पलीकडे, भंडारा जिल्ह्यात, पांढऱ्या गाडीजवळ उभा राहून हात हलवत होता.

मधे वैनगंगा. गाडीला वळसा घालून माडगीच्या पुलावरून यायला दीड तास तरी हवा. नावेने आले असते तर दहा मिनिटं.

दोघं मित्र एकमेकांकडे बघत फोनवर बोलत होते. विलास चालत चालत थेट पाण्यापाशी आला. मला सुनंदा दिसली, भराभर उतरून आलेली, त्याच्या दंडाला धरलेली. तिने त्याच्याकडून फोन घेतला आणि शांतपणे म्हणाली, "आम्ही पुलावरून येतो." गाडी वळली. नरेंद्र बराच वेळ पायऱ्यांवर बसून राहिला. मी त्याला उठवायला गेले नाही.

दिवेलागणीला ते पोचले. पटलेकाकूंनी दारातच पितळी लोट्यात पाय धुवायला पाणी दिलं, मग गूळ-पाणी, मग सरळ पाटावर. चिन्नोर तांदळाचा भात, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची रस्सा भाजी, लाखोरीचं वरण आणि पाहुणे आले म्हणून मुद्दाम केलेले उडदाचे बडे. तळलेलं बघून सुनंदाने विलासच्या ताटावर हात आडवा धरला. काकूंनी तो हात प्रेमाने बाजूला केला आणि एकच बडा वाढला. "एकानं काई होत नाही बाई. मन मारून जेवला तं अन्न अंगाले लागत नाही." विलासने तो बडा इतका हळूहळू खाल्ला की आम्ही सगळे हसत सुटलो. सुनंदाही हसली. विलास बोलत होता भरपूर, पण नावेबद्दल चकार शब्द काढत नव्हता. विलास आणि विषय टाळतोय, हे मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

सकाळी धुकं विरत होतं तेव्हा सुनंदा आणि मी चहाचे कप घेऊन घाटावर गेलो. नाव वाळूवर ओढून ठेवली होती. मधल्या बैठकीवरचं सामान कुणीतरी खाली काढलं होतं आणि तिथे विलास बसला होता. कोरड्या वाळूवर, स्वेटर घालून, हात गुडघ्यांवर. आम्हाला पाहून तो शाळेतल्या मुलासारखा ओशाळला आणि उठायला लागला.

"बसा," सुनंदा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "डॉक्टर म्हणतात, चाला, सायकल चालवा, काही हरकत नाही. मला माहीत आहे ते. पण झटका आला त्या रात्री गाडीत हे माझ्या शेजारी होते ना गं. तेव्हापासून रोज रात्री जागून मी यांचा श्वास ऐकते. तुम्हाला वाटत असेल मी उगाच अडून बसले आहे."

मला तसंच वाटत होतं. मी तिचा हात धरला.

मागून पटलेकाकू आल्या, त्यांच्याबरोबर सुकदेव. हा गावातला ढीमर, पहाटे डोंग्यातून जाळी टाकून आला होता. काकूंनी एकदा विलासकडे पाहिलं, एकदा सुनंदाकडे. "कायले भिऊन राहिल्या बाई? पान्याले का मानसापायी?"

"माणसापायी," सुनंदा म्हणाली. लगेच. मग तिचे डोळे भरले.

काकू तिच्या शेजारी बसल्या. "मंग तं भ्याच लागते. त्याले इलाज नाही. पन भेत भेत बी जाऊ देता येते."

सुकदेव आपलं जाळं झटकत म्हणाला, "बंधाऱ्यानं पानी तुंबून राहिलं इथं, धार नाही. खालच्या घाटापावतर मी डोंगा घेऊन संगं येतो. काठाकाठानं जाऊ."

सुनंदाने कप खाली ठेवला आणि अटी घालायला सुरुवात केली. लाइफ जॅकेट. काठाकाठाने. सुकदेव बाजूला. आणि वल्हं हातात घ्यायचं नाही, नुसतं बसायचं. विलास प्रत्येक अटीला हो म्हणत होता, तिने नदीत उतरूच नका अशी अट घातली असती तरी त्या क्षणी तो हो म्हणाला असता. "आणि तू माझ्याबरोबर गाडीत," ती मला म्हणाली. "मी एकटी काठावर उभी राहणार नाही."

तर त्या सकाळी पुरुष नदीने गेले आणि आम्ही रस्त्याने. रस्ता धानाच्या शेतांमधला, अरुंद, बैलगाड्या आणि मळणीयंत्रांना वाट देत देत जायचा. नदी मधेच दिसते, मधेच झाडांमागे जाते. दिसली की सुनंदा गाडी थांबवायची. एकदा लांबवर नारिंगी जॅकेट दिसलं. "बसलेत ना नीट?" तिने विचारलं. मला इतक्या लांबून काही कळत नव्हतं. तरी मी हो म्हटलं.

खालच्या घाटावर आम्ही लवकर पोचलो आणि वाट बघत बसलो. वेळ झाली, नाव येईना. फोन लागेना. मी नावेत असते तेव्हा वेळेचा विचारही मनात येत नाही. काठावर बसल्यावर मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. सुनंदा उठून पाण्यापाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी मीही उठून तिच्यामागे पाण्यापाशी गेले.

मग वळणावरून आधी सुकदेवचा डोंगा आला आणि मागून आमची नाव. उशीर का, तर सुकदेवने वाटेतलं दुसरं जाळं ओढलं होतं आणि विलासला ते बघायचं होतं. विलास मधे बसला होता आणि वल्हं त्याच्या हातात होतं. अगदी हळू मारत होता, पण मारत होता.

"वल्हं कोणी दिलं यांच्या हातात?" सुनंदा ओरडली. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या. "नरेंद्रभाऊ, तुम्हाला अक्कल आहे का?" ओरडता ओरडता ती सलवारसकट गुडघाभर पाण्यात शिरली, नावेचं टोक धरलं आणि सोडेचना. विलास हसत होता, रडतही होता. "सुनंदा, मी ठीक आहे गं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिने ओल्या हाताने त्याच्या छातीवर, जॅकेटवरूनच, हात ठेवला. तेवढ्यात सुकदेव मधे पडला, "बाई, नाव सोडा, तं ते उतरतीन."

दुपारी ते अमरावतीला गेले. पुढच्या आठवड्यात आम्ही पवनीला बाहेर पडलो, टेम्पो मिळाला, नाव आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे आणि वॉचमनला ती अजिबात आवडलेली नाही. हातांवरचे घट्टे गेले. नदीचे फोटो खूप आहेत, त्यात पाणी सगळीकडे एकसारखंच दिसतं.

विलास रोज फोन करतो, पुढच्या हिवाळ्यात कुठली नदी म्हणून विचारतो. सगळे मला म्हणतात, तुम्ही त्याला केवढा आनंद दिलात. आम्ही काय दिलं? नाव आमच्याकडे होतीच. नरेंद्रच्या छातीवर तसे टाके असते आणि कुणी मला म्हटलं असतं, जाऊ दे त्याला, तर मी हो म्हटलं असतं का, याचा मी घरी आल्यापासून विचार करते आहे. मी नसतं म्हटलं. सुनंदाने म्हटलं.