ताईंच्या हाताचं पिस्तूल

पिस्तुलाचा इतका अभ्यास केलेला आणि उभ्या जन्मात स्वतः पिस्तूल न बाळगलेला माणूस आमच्या थोरल्या साडूंखेरीज साऱ्या आखातात दुसरा सापडला नसता, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊसाहेब म्हणतो, बायको दाजी म्हणते. कतारमध्ये रास लफानला एका गॅस प्रकल्पात ते सेफ्टी इंजिनिअर होते आणि दोह्यात अल गराफात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका व्हिलाच्या मागच्या खोलीत एकटेच राहत. ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, नाशिकबाहेरच्या एका गावालगत आपली रोपवाटिका सांभाळून होत्या. "झाडं काही विमानात बसत नाहीत," एवढंच म्हणून त्यांनी कतारला यायचं कायमचं नाकारलं होतं. मुलगी लग्न होऊन बंगळूरला. तेव्हा तो बंगला, ती रोपं आणि ताई.

सेफ्टी ही भाऊसाहेबांची नोकरी नव्हती, प्रकृती होती. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आले की चपला काढायच्या आधी त्यांची नजर गॅसच्या नळीवर जाई. कुकरची शिट्टी उजेडासमोर धरून ते भोकातून आरपार बघत आणि मगच वरणाला हात लावत. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत सगळे टाळ्या वाजवत असताना हे हॉलची दारं मोजत. एकदा आरती ऐन रंगात आलेली असताना त्यांनी मागच्या दाराला लावून ठेवलेले खुर्च्यांचे ढीग एकट्यानं बाजूला ओढले. मोदक घेताना घामाघूम चेहऱ्यानं मला म्हणाले, "साडूभाऊ, देव तारतो हे खरं. पण दार उघडं पाहिजे." त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरणं, त्यांच्यासमोर स्टुलावर चढून दिवा बदलणं, इतकंच काय, चालता चालता केळं खाणं, ही धाडसं आमच्या घरात फक्त ते नसताना होत.

ते दिवस वर्ल्डकपच्या तयारीचे होते. सगळं दोहा उकरून ठेवलेलं. सकाळी ज्या रस्त्यानं ऑफिसला गेलो त्यानं संध्याकाळी घरी येता येईल याची हमी कोणी देत नसे. आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द बसला होता, 'वर्ल्डकपनंतर'. सोफा बदलायचाय? वर्ल्डकपनंतर. मुलांना पुण्याच्या शाळेत घालायचंय? वर्ल्डकपनंतर, इन्शाल्ला. भाऊसाहेबांची निवृत्तीही वर्ल्डकपनंतर ठरलेली होती. तोवर स्टेडियमचे सांगाडे उभे राहत होते आणि भाऊसाहेब माझ्या गाडीतून जाता जाता त्यांतून बाहेर पडायच्या वाटा मोजत होते.

अशात ताईंवर तो प्रसंग आला. भर दुपारी दोन माणसं मीटर बघायला आलो म्हणून आली. एकानं तोंड दाबलं, दुसऱ्यानं गळ्यातलं ओढलं, टेबलावरचा फोन उचलला आणि ताईंना न्हाणीघरात ढकलून बाहेरून कडी घातली. चार वाजता रोपवाटिकेत काम करणारी बाई आली तेव्हा त्यांची सुटका झाली. तिच्या फोनवरून त्यांनी भाऊसाहेबांना फोन लावला. प्रकल्पाच्या आत फोन नेता येत नाही. तो गेटवरच्या लॉकरमध्ये वाजत राहिला. शिफ्ट संपवून भाऊसाहेबांनी लॉकर उघडला तेव्हा एकाच अनोळखी नंबरचे अकरा मिस्ड कॉल होते.

दुसऱ्याच दिवशी ते नाशिकला गेले. आठ दिवसांत खिडक्यांना गज, दाराला साखळी, कुंपणावर कॅमेरे, जे जे सुचेल ते सगळं करून परत आले. त्या शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला बसले आणि पहिल्यांदाच गॅसच्या नळीकडे न बघता म्हणाले, "पिस्तूल घ्यायचं."

"तुम्हाला?" मी घास हातात धरून विचारलं.

"मला कशाला? मी इथं. तिला. घरातही राहील आणि बाहेर जाताना अंगावरही."

"ताईंना विचारलंत?"

"आधी अभ्यास, मग विचारणं."

अभ्यास म्हणजे भाऊसाहेबांचा अभ्यास. सुरुवातीचे तीन महिने त्यांनी अमेरिकन माणसांचे व्हिडिओ बघण्यात घालवले. ती दणकट माणसं एकेक पिस्तूल भाजीवालीनं वांगं फिरवून दाखवावं तसं फिरवून दाखवत, आणि भाऊसाहेब वहीत वजन, लांबी, गोळ्या, धक्का असे रकाने भरत. चाळीस पिस्तुलं झाल्यावर त्यांना कळलं की त्यांतलं एकही आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही. परवाना मिळालाच तर ठरावीक बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची, देशी कारखान्यातली दोनतीन हत्यारं, एवढीच काय ती निवड. दुसऱ्या कोणाचा धीर सुटला असता. हे खूश होऊन आले. "बरं झालं! प्रश्न सोपा झाला. आता फक्त रिव्हॉल्व्हर की पिस्तूल."

मग हाताचा प्रश्न आला. हत्यार हाताला बसलं पाहिजे, आणि हात तर नाशिकला. त्यांनी ताईंना कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनं गिरवून फोटो पाठवायला सांगितला. ताईंनी पाठवला. पंजाच्या मधोमध लिहिलं होतं, 'पाय पण पाठवू का?' ट्रिगर ओढायला बोटात जोर किती लागतो, याचा अंदाज घ्यायला ते बॅगा तोलायचा काटा घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले, कारण बहिणींचे हात सारखे असणार. माझी बायको एका हातानं पोळी उलटत होती, दुसऱ्या हाताच्या तर्जनीनं काटा ओढत होती.

"पाच किलो! आणखी ओढ."

"दाजी, पोळी करपतेय."

"चोर आला तर तो पोळी होईपर्यंत थांबेल का?"

ती पोळी त्यांनी करपलेलीच, निमूट खाल्ली. वहीत नोंद झाली: रिव्हॉल्व्हर चालेल. ट्रिगर जड आहे, पण पिस्तुलासारखी वरची पट्टी मागे ओढायची भानगड नाही, अडकत नाही, घाबरलेल्या माणसाला समजायला सोपं.

उरला प्रश्न बाहेर नेण्याचा. पर्स त्यांनी एका वाक्यात बाद केली. "पर्स ओढली की पिस्तूल चोराचं." म्हणजे कंबर. पण पाऊण किलोचा ऐवज कमरेला बांधून दिवसभर वाकता येतं का, गाडी चालवता येते का, कपड्यांतून दिसतं का? इथं परदेशी माणसानं हत्याराचं नावही काढू नये हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं; हत्यारासारखी दिसणारी वस्तूही नको, म्हणून त्यांनी एका मोज्यात साडेसातशे ग्रॅम मसूर भरली, तोंड शिवलं आणि तो मोजा शर्टाच्या आत पट्ट्याला लावून ते हिंडू लागले. सुट्टीच्या दिवशी ठीक होतं. एकदा सकाळच्या घाईत काढायचा राहिला आणि तसेच कंपनीच्या बसनं कामावर गेले. गेटवरच्या नेपाळी गार्डनं कमरेपाशी हात लावला आणि त्याचा चेहराच बदलला.

"सर, ये क्या है?"

"दाल."

"दाल? कमर में?"

"वजन के लिए," भाऊसाहेब म्हणाले. खोटं त्यांना बोलताच येत नाही.

त्यांना तासभर बसवून ठेवलं. वरचे दोन साहेब आले. मोजा उसवला गेला आणि मसूर टेबलावर पसरली. त्या दिवशी नोकरीच काय, देशातला मुक्कामही जाऊ शकत होता. पण सतरा वर्षांत ज्या माणसानं हेल्मेटचा पट्टाही सैल ठेवला नव्हता, त्याच्या डोक्यावर उन्हाचा परिणाम झाला असावा असं ठरवून साहेबांनी तंबी देऊन सोडलं. भाऊसाहेब आत गेले आणि बसून त्यांनी स्वतःविरुद्ध रीतसर अहवाल लिहिला: 'तपासणीत संशयास्पद वस्तू आढळली, कारण निष्काळजीपणा.' त्याखाली पुढची सावधगिरी म्हणून लिहिलं, 'मोजा दाराच्या खिळ्याला टांगावा.'

पुढच्या रजेत ताईंना विचारणं झालं. मीही तेव्हा नाशिकला होतो. ताईंनी सगळी वही शांतपणे वाचली. मला वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "दुपारी बेल वाजली की मी हल्ली दार उघडत नाही. गिऱ्हाईक परत जातं. मला हे असं जगायचं नाही. शिकवा, कुठं शिकवतात ते." अर्ज त्यांच्या नावानं झाला. परवान्याला प्रशिक्षणाचा दाखला लागतो, म्हणून आम्ही तिघं एका रायफल क्लबवर गेलो. शिकवायला एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी पहिला तास हत्यार हातात दिलंच नाही. भरलेलं नाही अशी खात्री असली तरी भरलेलंच आहे असं समजायचं, जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी करायची नाही, निशाण लागेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. भाऊसाहेब पुढच्या बाकावरच्या मुलासारखे माना डोलावत होते. सगळं त्यांना पाठ होतं. मग प्रत्यक्ष गोळ्या झाडायची वेळ आली. ताईंच्या दहातल्या सात गोळ्या काळ्या गोलात गेल्या. भाऊसाहेबांची एकही कागदाला लागली नाही.

"साहेब, तुम्ही डोळे मिटता," सुभेदार म्हणाले. मग ताईंकडे वळून, "बाई, तुमचा हात बसला."

भाऊसाहेबांनी कानांवरचे संरक्षक काढले आणि माझ्याजवळ येऊन बसले. चेहऱ्यावर असा आनंद की मुलीचा निकाल लागला असावा. "बघितलंत? सात!"

परवाना यायला वर्षाच्या वर लागलं. चौकशा, जबाब, घरी येऊन पाहणी. दर महिन्याला भाऊसाहेब दोह्याहून पाठपुरावा करत. सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी वर्ल्डकपनंतर होत्या, ही एकच त्यांना आधी हवी होती. अखेर परवाना आला आणि ते दोन दिवसांची रजा काढून ताईंबरोबर दुकानात गेले. वहीप्रमाणे रिव्हॉल्व्हर ठरलेलं. ताईंनी ते हातात घेतलं, रिकामं असल्याची खात्री केली, भिंतीकडे धरून ट्रिगर ओढला आणि खाली ठेवलं. "ओढताना नळी खाली जाते. आणि ही मधली चक्री कमरेला टोचेल." मग शेजारचं चपटं पिस्तूल उचललं.

"अगं, त्याची वरची पट्टी मागे ओढावी लागते, जोर लागतो," भाऊसाहेब वही उघडून म्हणाले.

"खताची पोती ओढते मी," म्हणत त्यांनी ती खटकन ओढली.

अडीच वर्षांचा अभ्यास पाच मिनिटांत बाद झाला. भाऊसाहेबांनी फक्त विचारलं, "ट्रिगर?"

"जमतो."

"मग खलास. हेच."

घरी त्यांनी भिंतीत बोल्टनं लोखंडी पेटी बसवली. आकड्यांची कळ ताईंनी डोळे मिटून किती सेकंदांत उघडावी याचा सराव घेतला, आणि उशाखाली, कपाटात, पिठाच्या डब्यात कधीही ठेवणार नाही असं वदवून घेतलं. दोह्याला आल्यावर रोज संध्याकाळी फोन: "पेटी बंद? चेक केलंस? पुन्हा चेक कर."

आणि मग वर्ल्डकपला तीनेक महिने उरलेले असताना गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या. परवान्याची हत्यारं निकाल लागेपर्यंत ठाण्यात जमा करावीत, असा हुकूम निघाला. ताई स्कूटरवरून गेल्या, पिस्तूल देऊन पावती घेऊन आल्या आणि येताना भाजी आणली. इकडे भाऊसाहेबांची झोप उडाली. त्यांनी रजेचा अर्ज केला. त्या दिवसांत रजा कोणालाच मिळत नव्हती, यांनाही नाही मिळाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. साठलेली सगळी रजा नोटिशीत वळती करून घ्या म्हणाले.

मी धावतच त्यांच्या खोलीवर गेलो. ते वह्या बांधत होते.

"भाऊसाहेब, इतकी वर्षं वाट बघितलीत, सामन्याची तिकिटंसुद्धा लागलीत आपल्याला. दीड महिन्यात पिस्तूल परत मिळेल हो!"

"पिस्तूल परत येईल," ते दोरीची गाठ आवळत म्हणाले. "मी कधी येणार, ते सांगा."

विमानतळावर सोडायला मी आणि बायको गेलो. आत जायच्या आधी ते थांबले. "साडूभाऊ, सेफ्टीत येतात ना, ते सगळे मुळात घाबरट असतात. मी तर पहिल्यापासूनच. फक्त आजवर लांबून घाबरत होतो." मग बायकोच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्या गाडीच्या मागच्या टायरमध्ये हवा कमी असल्याचं सांगितलं आणि काचेच्या दारातून आत गेले.

सलामीच्या सामन्याच्या दिवशी दुपारपासूनच सगळं शहर रस्त्यावर आलं होतं. मुलं गालांवर झेंडे रंगवून घेत होती. शुक्रवारची आमची पंगत एका पानानं कमी झाली होती, ते त्या गर्दीत उगाचच आठवलं, म्हणून मी भाऊसाहेबांना व्हिडिओ कॉल लावला. ते मागच्या पडवीत रोपांच्या पिशव्यांत माती भरत होते, ताई मागे पाणी घालत होत्या. मी त्यांना खिडकीतून रस्ता दाखवला. त्यांनी सामन्याचं काही विचारलं नाही. म्हणाले, "गर्दीत मुलांचा हात सोडू नका." मी म्हणालो, "भाऊसाहेब, तुमच्याशिवाय चुकल्यासारखं वाटतं हो."

ते काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात तिकडे बेल वाजली. "एक मिनिट हं," म्हणत त्यांनी फोन टेबलावर उताणा ठेवला. मला नुसता वरचा पंखा दिसत राहिला, हळूहळू फिरणारा. त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला. साखळी सरकली, कडी निघाली, आणि मग त्यांचा आवाज आला, भरघोस, घरातल्या माणसाचा: "या, या! मोगरा हवाय ना? बसा, हिला बोलावतो."

मी बराच वेळ फोन तसाच धरून त्या पंख्याकडे बघत बसलो होतो.