पहिल्या कंटेनरची ओटी

माझं गाव भंडारा जिल्ह्यात. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव. गावचा तलाव एवढा मोठा, की पलीकडच्या काठावर चरणारी म्हैस कुणाची ते ओळखू येत नाही. लहानपणी मला वाटायचं, समुद्र म्हणजे असलाच काहीतरी, फक्त म्हैस अजिबातच दिसत नसेल.

आठवीनंतर माझी शाळा सुटली. मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. पुढे गावातल्या एकाच्या ओळखीनं नाशिकला आलो, दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाऊसमध्ये. तिथून द्राक्षं परदेशी जातात. सगळे त्याला शेडच म्हणतात. सुरुवातीचे दिवस मी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं की लोक हसायचे. आमच्याकडचं ‘येऊन राहिलो’, ‘करून राहिलो’ ऐकायला माणसं मुद्दाम माझ्याजवळ येऊन उभी राहायची. द्राक्षांचे घड घरून आणलेल्या कात्रीनं साफ करणाऱ्या बायकांत एक मावशी होत्या. मखमलाबादकडे त्यांचा झेंडूचा आणि मेथीचा मळा, आणि हंगामात शेडवर काम. त्यांनी दुपारी मला हाक मारली, “काय रे पोरा, जेवून राहिला का?” सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. घरापासून इतक्या लांब माझं नाशिक जे सुरू झालं, ते त्या भाकरीपासून.

हळूहळू कोल्डरूम माझ्याकडे आली. माझ्या स्वभावाला ते काम शोभतं आणि सोसत नाही. दार लावलं की मी परत जाऊन हँडल ओढून बघतो. मग वाटतं, ओढताना उघडलं तर नसेल? की पुन्हा जातो.

आमच्या शेडची एक रीत आहे. हंगामातल्या पहिल्या कंटेनरसोबत शेडमधला एक माणूस बंदरापर्यंत जातो. तसं त्याचं तिथे काही काम नसतं. कागदपत्रं एजंट बघतो, गाडी ड्रायव्हर नेतो. पण आमच्या मालकांच्या, म्हणजे अण्णांच्या वडिलांपासून हे चालत आलंय. नव्या नवरीसोबत सासरी पाठराखीण जाते, तसं. त्या वर्षी अण्णांनी माझं नाव घेतलं आणि बायकांना विषयच मिळाला.

“पाठराखीण, लुगडं कोणतं नेसणार?”

“पोचल्यावर सासूच्या पाया पड हो. नायतर म्हणंल, नाशिकचं वळण नाय.”

मावशी तेवढ्या गंभीर होत्या. “लेक चाललीय सातासमुद्रापार,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्हाला खिदळायला सुचतंय.”

निघायच्या दिवशी सकाळी, थंड केलेल्या पेट्या गाडीत चढल्या. मग अण्णांनी सगळ्यांना पुढच्या चाकापाशी बोलावलं. हळदीकुंकू झालं, पाठराखीण म्हणून नारळ माझ्या हातून फोडला. मागची दारं तेवढा वेळ उघडीच होती. मग ती लागली, लोखंडी सील बसलं, आणि आम्ही निघालो.

ड्रायव्हर मालेगावकडचा, मोकळा माणूस, अहिराणी बोलायचा. कंटेनरच्या तोंडाशी थंडाव्याचं मशीन असतं आणि त्यावर आतलं तापमान दिसतं. घोटी आली, मी उतरून बघितलं. कसाऱ्याचा घाट उतरलो, मी बघितलं. भिवंडीच्या अलीकडे चहाला थांबलो, तिथेही. शेवटी तो म्हणाला, “घडी घडी काय देखस रे भो? डब्बा शे तो, तुनी पोर नही.”

संध्याकाळी बंदराजवळच्या गाडीतळावर पोचलो. लांबवर निळ्या-लाल क्रेन ओळीनं उभ्या होत्या. काहींचा लांबलचक हात आभाळाकडे वर केलेला, काहींचा आडवा. ड्रायव्हरनं सांगितलं, हात वर म्हणजे ती रिकामी, हात आडवा म्हणजे खाली जहाज लागलंय. पण जहाज दिसत नव्हतं, आणि समुद्रही नाही. दिसत होता तो चिखल, त्यात खारफुटीची झुडपं आणि दोन बगळे.

“समुद्र कुठाय?” मी विचारलं.

“त्या क्रेनच्या मागं. पास नसला तर सोडत नहीत.”

घरून आईचा फोन आला, समुद्र कसा आहे म्हणून. मी म्हणालो, चांगला आहे.

सकाळी ब्रश करत होतो तेव्हा मावशींचा फोन आला.

“पोचली का रं आपली गाडी?”

“पोचली, मावशी.”

“आणि ओटी? सांडली नाय ना घाटात?”

“कसली ओटी?”

“अरे, मी भरली ना! तुम्ही तिकडं नारळ फोडत व्हता तवा. दाराशी, शेवटच्या पेट्यांच्या वर ठेवलीय. घोटीचे तांदूळ हायेत, माझ्या माहेरचे. खण, नारळ, हळकुंड, आणि आपल्या मळ्यातला झेंडू. रिकाम्या ओटीनं लेक कुणी धाडतं का? तुम्ही गडी माणसं, नारळ फोडला की झालं तुमचं.”

माझ्या तोंडातला फेस तसाच राहिला. द्राक्षांच्या कंटेनरमध्ये द्राक्षांखेरीज काडीसुद्धा चालत नाही. तसा सरकारी दाखलाच सोबत असतो. तिकडे परदेशात दार उघडलं आणि झेंडूत एक किडा किंवा तांदळात एक सोंडा चालताना दिसला, तर सगळा माल अडकवून ठेवतात, कधी परतही पाठवतात. त्यात चार-पाच बागायतदारांचं वर्षाचं पीक होतं. आणि मावशींना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. घडातला एक डागी मणी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कंटेनरच्या आत काय चालतं, याच्याशी त्यांचा संबंध कधी आला नव्हता.

गप्प बसावं असं मनात आलं. एवढीशी पुरचुंडी, कुणाला दिसणार? अण्णांना सांगितलं तर मावशींचं काम जाणार हे नक्की. मागच्या हंगामात पेट्यांजवळ तंबाखू मळताना सापडलेल्या माणसाला त्यांनी दुपारच्या आत घरी पाठवलं होतं. मी ड्रायव्हरला सगळं सांगितलं. तो आरशात बघून दाढी करत होता.

“सांगी दे,” तो म्हणाला. “कालदिन मशीन देखी देखी तू जीव दिधा. आते हाई दपाडशी, त तुले महिनाभर झोप येवाव नही.”

हे खरं होतं. लपवून मला झोप लागलीच नसती. पण आधी मी मावशींना फोन केला. म्हटलं, ते बाहेर काढावं लागेल. का ते सांगितलं, आणि अण्णांना कळवावं लागेल हेही.

“मंग माझंच नाव सांग,” त्या म्हणाल्या. “तुझं मधी येऊ देऊ नको.”

फोनवर अण्णा ओरडले ते ड्रायव्हरलाही ऐकू गेलं. “अक्कल गहाण टाकलीय का त्या बाईनं? तिला म्हणावं, बस आता घरी!” मग श्वास घेऊन म्हणाले, “आधी गाडी. तिचं मग बघतो. एजंटाला सांगतो मी. सील तोडताना आपला माणूस लागेल, तू उभा राहा. आणि दार जास्त वेळ उघडं ठेवू देऊ नको.”

अशा रीतीनं मला बंदराच्या आत जायचा पास मिळाला.

एजंटाचा माणूस मोटरसायकलवर आला. त्यानं मला पिवळं जाकीट आणि डोक्याला बसेल न बसेल असं हेल्मेट दिलं. कस्टमच्या मॅडम दुपारी येणार होत्या. त्याला तोवर धक्क्याकडे कागद पोचवायचे होते, म्हणून त्यानं मला बंदरातल्या एका जीपमध्ये बसवलं. “उतरायचं नाही, फोटो काढायचा नाही,” तो म्हणाला. “बाकी बघायला काय, फुकट आहे.”

जहाज समोर आलं तेव्हा ते जहाज आहे हे मला कळलंच नाही. काळी भिंत वाटली मला ती. भिंतीवर कंटेनर रचलेले, माडीवर माडी. वर माणसं मुंग्यांएवढी. ती लांब सळ्या घेऊन डब्यांना आवळलेले लोखंडी गज सोडवत होती. मग क्रेनच्या आडव्या हातावरून एक चौकट सरकत आली, दोऱ्यांवर खाली उतरली आणि एका डब्यावर बसली. चारी कोपऱ्यांना कट्ट असा आवाज झाला. डबा उचलला गेला, हवेतून आमच्या दिशेनं आला, थोडा झुलला, थांबला, आणि खाली उभ्या ट्रेलरवर असा ठेवला गेला की ट्रेलरनं फक्त एकदा गुडघे वाकवल्यासारखं केलं. ट्रेलर हलला, मागचा पुढे आला. पुन्हा चौकट वर.

मी पाठीवर पोती घेऊन उतरणारी माणसं शोधत होतो. एकही नव्हता.

“तो वरचा काचेचा डबा दिसतो?” एजंटाचा माणूस म्हणाला. “त्यात माणूस बसतो. पायाखाली काच. दिवसभर मान खाली.”

मला त्या न दिसणाऱ्या माणसाची काळजी वाटली. सील तोडून पाहिल्यावर आपलं काय होईल, हे थोडा वेळ विसरलो ते त्याच्यामुळे. नंतर लक्षात आलं, जहाजाच्या काळ्या अंगाखाली पाण्यालगत लाल पट्टा दिसतोय, आणि तो मघापेक्षा रुंद झालाय. ओझं उतरत होतं तसं जहाज वर येत होतं. इतकं मोठं धूड, पण ओझं उतरलं की त्यालाही फरक पडत होता. जीप वळली तेव्हा दोन जहाजांच्या मधल्या फटीतून समुद्र दिसला. राखाडी, आणि हलणारा. पलीकडचा काठ नव्हता.

दुपारी मॅडम आल्या. सील तुटलं, दार उघडलं, गार वाफ अंगावर आली. पुरचुंडी तिथेच होती, हिरव्या खणात बांधलेली. पण गाठ घाटात सैल झाली होती.

“हे काय?” मॅडमनी विचारलं.

एजंटाचा माणूस कागदात बघू लागला. मॅडमनी पेनाच्या टोकानं खण बाजूला केला. थंडीत झेंडू कालच्यापेक्षा ताजा दिसत होता.

“ओटी आहे ही,” त्या म्हणाल्या. “कुणी भरली?”

“आमच्या मावशींनी. पहिली गाडी म्हणून. त्यांना माहीत नव्हतं, मॅडम.”

त्यांनी हळकुंड पाहिलं, नारळ पाहिला. “रीतसर भरलीय,” म्हणाल्या. आणि त्याच आवाजात, “बाहेर काढा. एक दाणा आत राहता कामा नये. मी बघणार आहे.”

अशा कंटेनरच्या तळाला गार हवा फिरायला लांब खाचा असतात. काही दाणे त्यांत गेले होते. दाराशी पोटावर झोपून मोबाईलच्या उजेडात मी एकेक खाच बोटानं चाचपली. बोटं बधिर झाली. दाणा आहे की नाही ते कळेना, म्हणून जिभेनं बोट ओलं करून फिरवलं, त्याला दाणे चिकटून आले. मॅडम वाकून बघत होत्या. “त्या कडेला,” त्या म्हणाल्या. तिथे दोन होते. मग त्यांनी स्वतःची बॅटरी लावून पाहिलं आणि मान हलवली. दारं लागली. नवीन सील बसलं. मी हँडल ओढून बघितलं, तेव्हा त्यांना हसू आलं.

“टाक तिकडे कचऱ्यात,” एजंटाचा माणूस म्हणाला. माझ्यानं झालं नाही. मी अण्णांना फोन केला, गाडी पास झाली.

“तांदूळ कुठले?” त्यांनी विचारलं.

“घोटीचे. मावशींच्या माहेरचे.”

“टाकू नको. ओटीचे तांदूळ टाकत नाहीत.” आणि फोन ठेवला. मावशींचं काय, हे विचारायचा धीर मला झालाच नाही.

परत येताना ट्रेलरवर जहाजातून उतरलेला एक डबा होता, सातपूरच्या कुठल्याशा कारखान्याचा. “लेक धाडी दिधी, सून लई चालनूत,” ड्रायव्हर म्हणाला आणि स्वतःच हसला. मला हसू येईना. मांडीवर पुरचुंडी होती, आणि मी वाटभर एकच वाक्य जुळवत होतो, मावशींना काय सांगायचं ते.

दुसऱ्या दिवशी मळ्यात गेलो तेव्हा त्या ओट्यावर झेंडू निवडत बसल्या होत्या. शेडवर गेल्या नव्हत्या.

“गेली?” त्यांनी विचारलं.

“गेली.”

मी पुरचुंडी पुढे ठेवली. त्यांनी ती उघडली, तांदूळ तळहातावर घेतले. त्यात थोडी लोखंडाची धूळ आली होती. “अण्णा काय म्हणाले?”

“तांदूळ कुठले म्हणून विचारलं.”

त्या उठून आत गेल्या, तांदूळ निवडले, दोन-तीनदा धुतले आणि चुलीवर ठेवले. गूळ फोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं खिरीची वाटी माझ्यापुढे आली.

“ओटीचे तांदूळ बाहेर देत नसतात,” त्या म्हणाल्या. “जिची ओटी तिनं खायचे.”

“माझी कुठून आली ओटी?”

“मंग काय त्या लोखंडाच्या डब्याची? परमुलखात कोण आलाय? तू. तुझ्या आईनं गडी म्हणून भरली नसंल. खा.”

मी खाली मान घालून खाऊ लागलो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अण्णांचा होता. मावशींनी पदर सारखा केला, जणू ते समोरच आहेत, आणि फोन दोन्ही हातांनी कानाला धरला. अण्णांचा आवाज एवढा मोठा, की मलाही ऐकू येत होतं.

“उद्या लवकर या. दुसरी गाडी भरायचीय. आणि येताना रिकाम्या हातानं यायचं. कळलं?”

“कळलं, अण्णा.”

फोन बंद झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, माझ्या वाटीत अजून एक पळी घातली. मग एकदम त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली.

“अरे पोरा,” त्या म्हणाल्या, “पण मंग कात्री आणायची का नाय?”