नंदूला मी नाव विचारलं

दुबईला निघालो त्या दिवशी स्टँडवर अण्णांनी माझी फाइल तिसऱ्यांदा तपासली. व्हिसाच्या झेरॉक्स, मार्कशीट, ऑफर लेटर, पासपोर्ट साइजचे फोटो. अण्णा शाळेत हेडक्लार्क होते, त्यांचा माणसांपेक्षा कागदांवर भरवसा. आई रडत होती आणि ते तिला समजावत होते, "अगं, तिथे नंदू आहे. नंदू नसता तर मीच पाठवला नसता." एसटी हलली तेव्हा खिडकीबरोबर चार पावलं चालत आले आणि म्हणाले, "कागद पक्के ठेव, आणि नंदूचा हात सोडू नकोस." या दोन सूचनांपैकी पहिली मी बावीस वर्षं पाळली आहे.

माजी विद्यार्थी संघाच्या स्मरणिकेत नंदूवर दोन शब्द लिहा, असं मला कळवण्यात आलं. संघाच्या आखाती शाखेचा मी सेक्रेटरी, शिवाय होस्टेलमधला त्याचा रूम पार्टनर. दोन शब्दांत भागणार नाही. जे लिहितोय ते एक ओळही न गाळता छापा, एवढी विनंती.

कॉलेजमधल्या आत्ताच्या पोरांसाठी आधी थोडं सांगतो. आमच्या वेळी बी विंगमध्ये डबा फिरायचा. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणाला हात जाईल एवढं भोक पाडलेला. कुणाची मनीऑर्डर आली नाही, कुणाला वडिलांच्या आजारपणासाठी तातडीने गावी जायचंय, की डबा निघायचा. नियम एकच, नाव विचारायचं नाही. प्रत्येकाने मूठ बंद करून हात आत घालायचा, काही टाकायचं असो वा नसो. ज्याच्यासाठी डबा निघालाय त्यानेही घालायचा, म्हणजे कुणाला पत्ता लागायला नको. गरज फक्त नंदूच्या कानात सांगायची, कारण डबा तो फिरवायचा. तिसऱ्या वर्षी मीही एकदा रिकामी मूठ आत घालून बाहेर काढली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या उशीखाली परीक्षेची फी होती. नंदूने तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

मी आलो तेव्हा तो दुबईच्या करामा भागात राहायचा, एका खोलीत सहा जण. त्याने मला स्वतःची कॉट दिली आणि आपण दोन कॉटच्या मधल्या फटीत गादी टाकली. "तुझी नोकरी नवी आहे, तुला झोप पाहिजे. माझं काय, मी उभ्याउभ्या झोपतो." तीन महिने तो तसा झोपला. चहाचा एक दिरहम देताना मी मनातल्या मनात रुपये करायचो, ते त्याला चेहऱ्यावरून कळायचं. म्हणायचा, "अव्या, गुणाकार करत बसलास तर तहानेने मरशील."

पुढे माझं बरं चाललं. इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका फॅक्टरीत क्वालिटी मॅनेजर झालो, लग्न झालं, ईशा झाली, करामा भागातच दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला भाड्याने. नंदू रास अल खैमाला एका टाइल्सच्या कारखान्यात गेला. दीड तासाचा रस्ता. सुरुवातीला पंधरवड्याला भेटायचो, मग गणपतीत, मग फक्त संघाच्या मेळाव्यात.

संघ मात्र जोरात होता. कॉलेजची पोरं गॅदरिंगला भेळेचे स्टॉल लावून, रविवारी प्राध्यापकांच्या गाड्या धुऊन गरजू विद्यार्थ्यांसाठी निधी जमवतात, आणि जेवढा जमेल तेवढीच भर आमची शाखा घालते. त्याचे नियम मी केले. प्राचार्यांचं पत्र, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, आणि चेक घेतानाचा फोटो. फोटो ग्रुपवर पडला की खाली टाळ्यांची रांग. आता ते जुने फोटो पुन्हा उघडून बघतो. एकही पोरगं कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

गेल्या वर्षी एका शनिवारी दुपारी, मेळाव्याची मीटिंग चालू असताना नंदूचा फोन आला. मी बाहेर येऊन घेतला.

"अव्या, डबा फिरवायचाय."

"कुणासाठी?"

"आपल्यातलाच आहे. नाव विचारू नकोस."

मला हसूच आलं. "नंद्या, हे होस्टेल नाहीये. इथे परमिशनशिवाय कलेक्शन केलं तर डायरेक्ट जेल. आणि आपली प्रोसेस आहे ना यार! नाव दे, डॉक्युमेंट्स मेल कर, मी कमिटीपुढे ठेवतो. इन्शाल्ला पुढच्या महिन्यात काम होऊन जाईल."

"पुढच्या महिन्यात," तो म्हणाला.

"हो. नाव काय त्याचं?"

"खलास रे, राहू दे. बघतो मी. ईशा काय म्हणते?"

ईशा काय म्हणते ते मी सांगितलं आणि आत गेलो.

कायद्याचं बोललो ते खरं होतं, आजही खरं आहे. पण माझ्या खिशातून माझ्या मित्राला द्यायला कुठलाच कायदा आडवा येत नव्हता. ते मला सुचलंच नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. साफ खोटं. सुचलं होतं. वाटलं, नंदू भोळा आहे, कुणीतरी त्याला गुंडाळतंय, एकदा दिलं की हे नेहमीचंच होईल. शिवाय आत माझा चहा निवत होता.

सात आठवड्यांनी नंदूच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला. नंदू गेला होता. सकाळी दाढी करताना बेसिनपाशीच कोसळला. मग एकेक गोष्ट कळत गेली. त्याला कामावरून कमी करून सहा महिने होत आले होते. नोकरीबरोबर इन्शुरन्सही गेला. हृदयाचं ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तो लांबवत होता. तो 'आपल्यातला' कोण, हे मला वहिनींच्या घराचा जिना चढताना कळलं. ज्याला गरज आहे तोही डब्यात हात घालतो, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

त्याला भारतात न्यायचे कागद मीच केले. सर्टिफिकेट, कॉन्सुलेट, विमान कंपनी, शिक्के. त्या कामात माझा हात कोण धरणार! तीन दिवसांत सगळं झालं, सगळे म्हणाले एवढ्या लवकर कुणाचंच होत नाही. विमानतळावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही फार केलंत. हे सांगायचे मला, अव्याच्या कानावर घातलंय, तो बघतोय, तू काळजी करू नकोस. शेवटच्या दिवसापर्यंत हेच म्हणत होते."

म्हणजे मी नाही म्हणालो, हे त्याने घरात कळूच दिलं नव्हतं.

मी "हो" म्हणालो. वहिनींच्या तोंडाकडे बघून, स्वच्छ आवाजात, "हो वहिनी, बघत होतो."

आता संघाने नंदूच्या नावाने शिष्यवृत्ती ठरवली आहे आणि अटींचा मसुदा करायला माझ्याकडेच दिलाय. मी कोरा कागद परत पाठवला. कमिटीला वाटलं अटॅचमेंट चुकली.

हे सगळं मी एकदा ईशाला सांगितलं. सतरा वर्षांची आहे, मराठी कळतं, बोलत नाही. शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "बट बाबा, ही आस्क्ड यू. नॉट द कमिटी."

मी म्हटलं, जा, अभ्यास कर.

वहिनी आता मिरजेला असतात. प्रत्येक सणाला फोन करतात. "भावजी, यंदा तरी घरी या. हे नसले तरी घर तुमचंच आहे." अण्णा आणि आई गेल्यावर आमचं घर आम्ही भावंडांनी विकलं. हक्काने जाऊन टेकावं असं तिकडे एवढं एकच दार उरलंय, आणि तेही एका खोट्या 'हो'वर उघडं आहे. दोनदा तिकीट काढलं, दोनदा रद्द केलं. फोनवर सांगायला घेतो आणि हवापाण्याचं बोलून ठेवून देतो. मी भित्रा आहे, म्हणून हे इथे लिहिलं.

स्मरणिका वहिनींना पोचेल. वाचून झाल्यावरही त्यांनी बोलावलं, तर त्याच दिवशी निघेन. नाही बोलावलं, तर बावीस वर्षं नुसता नोकरीसाठी बाहेर होतो आणि घर आत्ता सुटलं, असं समजा.