फुकटचं गाणं आणि वाघ

मुलांनो, तुम्ही वर्गणी भरून दिलेलं गाण्यांचं ॲप उत्तम आहे. मध्येमध्ये जाहिराती नाहीत आणि उतरवून ठेवलेली गाणी रेंज नसतानाही वाजतात. म्हणूनच, आमच्या फाटकावरून पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जाणाऱ्या बाईला मी ते देऊ केलं. ती मोबाइल कमरेला खोचते आणि फुकटची गाणी मोठ्याने लावून जाते. फुलं वेचताना माणूस वाकलेला असतो, आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरच वाटतो.

ती हसली. "मले फुकटवालंच पाह्यजे, बाई. गाण्याले वाघ काऊन भेईन? जाहिरातीत माणूस बोलते ना, त्याले भेते."

"पण नाल्यापलीकडे रेंज जाते. मग गं?"

"मंग जाहिरात मीच करून राह्यली ना!"

खरंच, नाल्यापलीकडून रोज तिचा खणखणीत आवाज येतो, "जाहिराती नकोत? आजच पैसे भरा!" तो ऐकल्याशिवाय मला चहा जात नाही.

काल ती "आजच" म्हणाली आणि थांबली. पाखरंही गप्प झाली. मी फाटकाची कडी घट्ट धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने, एकेक पाऊल मागे सरकणाऱ्या माणसाच्या आवाजात, "पैसे भरा" ऐकू आलं.

ती परतली तेव्हा टोपली रिकामी होती. तिने पाणी मागितलं. भांडं तिच्या दातांवर वाजत होतं.

"उद्या नको जाऊस," मी म्हणाले.

"जा लागते, बाई. उद्या जोरानं बोलीन."