कापसातली डाळ

शनिवारी लेकीच्या पहिलीच्या वर्गात आठवडाभराच्या उपक्रमांचं प्रदर्शन होतं. भेंडीचे ठसे इतके रेखीव, की त्यांना एकाही मुलाचा हात लागला नसावा. मातीचा बैल तर कुणाच्या तरी वडिलांनी रजा टाकून घडवलेला. "आमच्या ओमनं एकट्यानं केलाय हं!" त्याची आई सांगत होती, आणि ओम त्या बैलाकडे परक्या पाहुण्याकडे बघावं तसा बघत होता.

काय ही माणसं! सहा वर्षांच्या पोरांशी स्पर्धा करतात आणि वर जिंकतात. यांना मुलांचं शिकणं नकोच असतं, शिकून तयार झालेलं मूल हवं असतं.

एवढं तोऱ्यात मनाशी म्हणतोय, तोच खिडकीतल्या कापसाच्या पेल्यांकडे लक्ष गेलं. लेकीला रुजवायला मी मोठ्या ऐटीत मुगाची डाळ दिली होती, सोललेली. ती जन्मात रुजणार नाही हे कळलं त्याच दिवशी सकाळी. मग काय, भाजीवालीकडून मोड आलेली मटकी आणून गुपचूप पेल्यात खोचली.

"सई, किती छान मोड आलेत गं!" बाई म्हणाल्या.

"पण बाई, मी पिवळी डाळ ठेवली होती. रोज बघत होते. ती कुठे गेली?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. ओमची आई हळूच शेजारी सरकली.

"सईचे बाबा, मटकी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडची ना? आमचीही तिथलीच."

आणि सई बोटानं कापूस उचकटून आपली डाळ शोधत होती.